कोरड्या प्रदेशातील भुंगेरे आणि त्यांचे ऋतुमान

जबलपूरहून नागपूरकडे निघालेला प्रवासी शहर मागे टाकतो आणि थोड्याच वेळात बरगी या गावापाशी येतो. मे महिन्यातील दुपारी या वाटेने जाणाऱ्यास आजूबाजूला जे दिसते त्यात जीवसृष्टीच्या समृद्धीची एकही खूण आढळत नाही. साग निष्पर्ण झालेला असतो. धावडा आणि सलई यांच्या फांद्या उघड्या पडलेल्या असतात. नर्मदेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीला बोटे सहज आत जातील अशा भेगा पडलेल्या असतात. पाखरेसुद्धा सावली सोडून बाहेर येत नाहीत, मग कीटकांची गोष्ट दूरच राहिली.

तोच प्रवासी पाच-सहा आठवड्यांनी, पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यानंतरच्या संध्याकाळी, त्याच रस्त्याने परत आला तर त्याला निराळे दृश्य दिसेल. रस्त्याकडेच्या प्रत्येक दिव्याभोवती तपकिरी, काळ्या, हिरवट भुंगेऱ्यांची गर्दी उसळलेली असते. कडुनिंबावर आणि बोरीवर पाने कुरतडल्याचा बारीक आवाज येत असतो. मेच्या उजाड भूमीत हे असंख्य जीव आले कोठून, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर असे की, त्यांतील बहुतेक कोठूनही आले नाहीत. ते तेथेच होते. जमिनीत, झाडाच्या खोडात, वाळलेल्या धाटांत, पालापाचोळ्याखाली. ते पावसाची वाट पाहत होते. त्यांचे हे वाट पाहणे हाच या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम 'कोरडा प्रदेश' या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. जबलपूरच्या परिसरात वर्षाकाठी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे शहराच्या मानाने हा पाऊस पुष्कळच अधिक आहे. तरीदेखील येथील वनाला वनशास्त्रज्ञ शुष्क पानझडी वन म्हणतात, आणि ते योग्यच आहे. कारण या पावसाचा बहुतेक सर्व भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. उरलेले आठ महिने भूमीला त्या साठ्यावर काढावे लागतात आणि त्यांतील शेवटच्या काळात तापमान चाळीस अंशांच्या वर चढते. म्हणजे वर्षात एकूण किती पाऊस झाला यापेक्षा तो केव्हा झाला आणि केव्हा थांबला, यावरून एखादा प्रदेश कोरडा ठरतो. हीच गोष्ट भुंगेऱ्यांनाही लागू पडते. त्यांच्या संख्येविषयी बोलताना 'किती' या प्रश्नाच्या आधी 'केव्हा' हा प्रश्न विचारावा लागतो.

भुंगेरे म्हणजे कोण? पहिली पंखांची जोडी कठीण होऊन तिचे कवच बनले आहे, असे कीटक. ही जोडी उडण्याच्या कामी फारशी येत नाही. ती मागच्या नाजूक पंखांवर आणि मऊ उदरावर झाकणासारखी बसते. ग्रीक भाषेतील 'म्यान' आणि 'पंख' या दोन शब्दांवरून या गणाला कोलिऑप्टेरा हे नाव मिळाले. आजवर शास्त्रज्ञांनी सुमारे चार लाख जातींच्या भुंगेऱ्यांचे वर्णन केले आहे. पृथ्वीवरील ज्ञात प्राण्यांच्या जातींपैकी जवळजवळ चौथा हिस्सा या एकाच गणाचा आहे. भारतात पंधरा हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. काजवा हा भुंगेराच, धान्यातला सोंडकिडा हाही भुंगेराच, आणि मुले ज्याच्या पायाला दोरा बांधून उडवीत असत ते हिरव्या झळाळीचे सोनपाखरूही भुंगेराच. याउलट, मृग नक्षत्राच्या पहिल्या सरींबरोबर दिसणारा मखमली लाल 'मृगाचा किडा' मात्र भुंगेरा नव्हे. तो कीटकसुद्धा नाही. आठ पायांच्या त्या जीवाचे नाते कोळ्यांशी आणि गोचिडांशी आहे. पण पावसाची वार्ता जमिनीखाली कळण्याची विद्या त्यालाही अवगत आहे.

कोरड्या हवेत भुंगेऱ्यांना त्यांचे कवच फार उपयोगी पडते. लहान प्राण्याच्या शरीरातील पाणी मोठ्या प्राण्याच्या मानाने लवकर उडून जाते. कीटक शरीराच्या बाजूस असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून श्वास घेतात आणि त्या वाटेनेही ओलावा बाहेर पडतो. भुंगेऱ्याच्या पोटावरील छिद्रे कवचाखालच्या बंदिस्त पोकळीत उघडतात, त्यामुळे ही गळती कमी होते. पण कवच कितीही चांगले असले तरी अन्नाची उणीव ते भरून काढू शकत नाही. त्यासाठी निसर्गाने दुसरी युक्ती योजली आहे; तिला सुप्तावस्था म्हणतात. या अवस्थेत वाढ थांबते, हालचाल थांबते, शरीराचा व्यवहार अगदी मंद होतो आणि महिनेच्या महिने निघून जातात. जमिनीत मुरलेला ओलावा जणू दारावर थाप मारतो आणि मग झोपलेली अवघी पिढी एका आठवड्यात जागी होते.

येथे मोजणीच्या पद्धतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. भुंगेऱ्यांची गणती करणारा अभ्यासक रात्री प्रकाशसापळा लावतो. दिव्याकडे आलेले कीटक खालच्या नसराळ्यातून भांड्यात पडतात. जमिनीवर धावणाऱ्यांसाठी तो भांडी जमिनीच्या पातळीला पुरून ठेवतो. झुडपाखाली पांढरे कापड पसरून फांद्या झोडपतो, शेणाचे पो उकरतो, कुजलेली लाकडे फोडतो. यांतील प्रत्येक पद्धत एका बाजूला झुकलेली आहे. प्रकाशसापळ्यात दिवसा वावरणारा भुंगेरा येत नाही आणि पौर्णिमेच्या आसपास तर रात्रीचेही कमी येतात. म्हणून एकाच सापळ्यावर विसंबून काढलेला निष्कर्ष बहुधा फसवा असतो.

विविधता आणि विपुलता या दोन गोष्टींतही भेद केला पाहिजे. अशी कल्पना करू की, दोन शेतांत प्रत्येकी शंभर भुंगेरे सापडले आणि दोन्हीकडे दहा-दहा जाती निघाल्या. पहिल्या शेतात प्रत्येक जातीचे दहा जीव आहेत. दुसऱ्यात एकाच जातीचे एक्याण्णव आणि इतर नऊ जातींचा एकेक जीव आहे. वरवर पाहता दोन्ही शेतांची नोंद सारखीच दिसते. प्रत्यक्षात पहिले शेत नांदते घर आहे आणि दुसऱ्यावर एकाच भाडेकरूने कब्जा केलेला आहे. शास्त्रज्ञ विविधतेचे जे निर्देशांक काढतात, ते हा फरक अंकांत मांडण्यासाठीच. ही मोजणी जूनमध्ये केली आणि पुन्हा जानेवारीत केली तर तेच शेत दोन निराळी उत्तरे देते. म्हणून वर्षभर, आणि शक्य झाल्यास अनेक वर्षे, सलग नोंदी ठेवण्याला पर्याय नाही.

अशा नोंदींवरून जे चित्र दिसते ते शेतकऱ्याच्या नक्षत्रांच्या हिशेबाशी बरेचसे जुळते. रोहिणी आणि मृग या नक्षत्रांत जमिनीतून निघणारे पालेखाऊ भुंगेरे प्रकट होतात. आर्द्रा ते आश्लेषा या काळात शेणकिडे, खोड पोखरणारे आणि पानांवर जगणारे भुंगेरे यांची रेलचेल असते. वर्षातील सर्वाधिक जाती याच दिवसांत आढळतात. मघा ते हस्त या काळात फुलांवर बसणारे भुंगेरे दिसू लागतात. उडीद, मूग, तूर यांच्या फुलोऱ्यावर लाल-काळ्या पट्ट्यांचा, त्वचेला लागताच फोड आणणारा मायलाब्रिस याच सुमारास येतो. थंडीत संख्या घटते. मात्र मोहरीवर आणि हरभऱ्याच्या आसपासच्या पिकांवर मावा खाणारे ठिपकेदार ढालकिडे त्या दिवसांतही आपले काम करीत असतात. चैत्र-वैशाखात पुन्हा शांतता पसरते.

हे वेळापत्रक माहीत असण्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांतील ऊस उत्पादकाला हुमणी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. होलोट्रिकिया सेराटा या भुंगेऱ्याची पांढरी, वाकडी अळी उसाच्या मुळ्या खाते आणि उभे बेट वाळून जाते. अळी जमिनीत खोल असल्याने औषध तिच्यापर्यंत पोहोचणे कठीण असते. परंतु या कीटकाची वर्षात एकच पिढी होते. वळवाचे किंवा मृगाचे पहिले मोठे पाऊस झाले की प्रौढ भुंगेरे सायंकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब आणि बाभूळ यांच्यावर जमतात, पाला खातात, त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. त्या मोजक्या रात्री गावाने एकत्र येऊन फांद्या हलविल्या आणि खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, तर अंडी घालण्याआधीच पुढची पिढी खुंटते. एकट्याने आपल्या शेतात असे करून भागत नाही, कारण शेजारच्या बाभळीवरील भुंगेरा बांध ओळखत नाही. वेळ चुकली तर पुढे चार महिने तेच पीक डोळ्यांदेखत वाळताना पाहावे लागते.

बरगीच्या पूर्वेस मंडला आणि दिंडोरीच्या बाजूला साग मागे पडतो आणि सालवृक्षांची वने सुरू होतात. तेथे ऋतुमानाचा प्रश्न आणखी बिकट स्वरूपात उभा राहिला. साल पोखरणारा होप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निस हा लांब मिशांचा भुंगेरा पहिल्या चांगल्या पावसानंतर खोडातून बाहेर पडतो आणि मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अळ्या सालीखालून आत शिरतात. झाड सशक्त असेल तर ते राळ सोडते आणि बहुतेक अळ्या त्या राळेत बुडून मरतात. झाड वृद्ध वा अशक्त असेल तर अळी गाभ्यापर्यंत पोहोचते, हिवाळ्यात कोशात जाते आणि पूर्ण वाढलेला भुंगेरा पुढचा पाऊस येईपर्यंत लाकडातच बसून राहतो. एरवी हा कीटक वनातील दुबळी झाडे हटविणारा एक सेवक आहे. पण काही वर्षांनी त्याची संख्या मर्यादेबाहेर वाढते आणि मग सशक्त झाडांची राळही पुरी पडत नाही. १९२३ ते १९२८ या काळात मध्य प्रांतात अशी साथ येऊन गेली. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा आली आणि लक्षावधी सालवृक्ष तिला बळी पडले.

त्या वेळी उभा राहिलेला प्रश्न केवळ शास्त्राचा नव्हता. पोखरलेली झाडे तोडली नाहीत तर त्यांतील भुंगेरे पुढच्या पावसात बाहेर पडून शेजारची झाडे धरतील, असे एक मत होते. तोड सुरू झाली की रोगी झाडाबरोबर निरोगी झाडही कुऱ्हाडीखाली जाते आणि वन उघडे पडते, असे दुसरे मत होते. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या गोंड आणि बैगा कुटुंबांचे पोट सालबिया, डिंक, मध आणि सरपण यांवर अवलंबून होते, त्यांच्या दृष्टीने दोन्ही वाटांनी नुकसानच होते.

या संकटावरील एक उपाय मात्र भुंगेऱ्याच्या स्वभावातूनच सापडलेला आहे. सालवृक्षाचा ताजा रस या भुंगेऱ्याला दूरवरून ओढून आणतो. पावसाच्या आरंभी एखादे झाड पाडून त्याचे ओंडके करावयाचे आणि साल ठेचून रस वाहू द्यावयाचा. भुंगेरे रस पिण्यासाठी गर्दी करतात आणि तो पिऊन सुस्त होतात. मग माणसे ते हाताने वेचतात. याला सापळावृक्ष पद्धत म्हणतात. वनखात्याने त्या वर्षांत आसपासच्या गावकऱ्यांना पकडलेल्या भुंगेऱ्यांच्या संख्येप्रमाणे मजुरी दिली. ही पद्धत पावसाच्या पहिल्या काही आठवड्यांतच फळ देते आणि ती दरवर्षी चालू ठेवावी लागते. साथ नसलेल्या वर्षांत नोंदी थांबल्या, तर पुढची साथ दारात येऊन उभी राहीपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

भुंगेऱ्यांचा विचार केवळ शत्रू म्हणून करणे हा त्यांच्यावर मोठा अन्याय होईल. पावसाळ्यात बरगीच्या माळावर गाईने टाकलेला पो पाहावा. काही तासांतच त्यात शेणकिडे शिरतात. काही जण तेथेच राहतात, काही खालची जमीन पोखरून शेण आत ओढतात, तर काही त्याची गोळी करून मागच्या पायांनी ढकलीत दूर नेतात. पुरलेल्या शेणावर अळ्या वाढतात, जमीन भुसभुशीत होते, खत मुळांपाशी पोहोचते आणि माश्यांना अंडी घालण्यास जागा उरत नाही. कोरड्या ऋतूत शेणाच्या गोवऱ्या थापल्या जातात आणि ते चुलीत जाते. पावसाळ्यात गोवरी वाळत नाही, शेण रानातच राहते आणि नेमक्या त्याच दिवसांत शेणकिडे जागे असतात. माणसाचा आणि कीटकाचा वाटा असा ऋतूनेच वाटून दिला आहे.

या सेवेचे मोल ऑस्ट्रेलियाला फार उशिरा कळले. १७८८ साली तेथे युरोपीय वसाहतीबरोबर गुरे गेली. तेथील मूळच्या शेणकिड्यांना कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची सवय होती. गुरांच्या ओल्या शेणाकडे ते फारसे वळले नाहीत. शेण महिनोन्महिने तसेच पडून राही, त्याखालचे गवत मरे आणि माश्यांचे थवे वाढत. अखेर १९६० च्या दशकापासून, जॉर्ज बोर्नेमिसा या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने, परदेशांतून शेणकिडे नेऊन तेथे सोडण्यात आले. आपल्याकडे हे काम फुकट चालले आहे, म्हणून त्याची दखल घेतली जात नाही. गुरांना जंतांवर दिल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिनसारख्या औषधांचा अंश शेणात उतरतो आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारक ठरतो, हे अनेक देशांतील प्रयोगांतून दिसून आले आहे. असे औषध देणे आवश्यक असेल तेव्हा ते अवश्य द्यावे. परंतु शेणकिड्यांच्या भर हंगामात साऱ्या कळपाला सरसकट देण्यापूर्वी पशुवैद्याचा सल्ला घेणे हिताचे आहे.

माणसाने मुद्दाम बोलावून आणलेल्या एका भुंगेऱ्याची हकीकतही येथे सांगण्याजोगी आहे. १९५५ साली पुण्यात प्रथम लक्षात आलेले गाजरगवत पुढील काही दशकांत साऱ्या देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज सुटते, परागांमुळे श्वासाचे विकार होतात आणि गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. त्याच्या मूळ भूमीतून, मेक्सिकोतून, झायगोग्रामा बायकोलोराटा हा फिकट रंगाचा, तपकिरी रेघांचा भुंगेरा आणून १९८४ साली बंगळूरच्या परिसरात सोडण्यात आला. १९९० च्या दशकात तो सूर्यफुलाची पाने खातो, अशी तक्रार झाली आणि वाद माजला; कसून पाहणी झाल्यानंतरच त्याच्यावरील संशय फिटला. तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था जबलपूर येथेच आहे आणि तिने हा मेक्सिकन भुंगेरा वाढवून ठिकठिकाणी पोहोचविला आहे. तो पावसाळ्यात गाजरगवताची पाने फस्त करतो. परंतु पाऊस संपला की मातीत शिरून झोपी जातो. गाजरगवताला मात्र ओलावा मिळाला की ते कोणत्याही ऋतूत उगवते. म्हणून भुंगेरा सोडला आणि काम झाले, असे समजणे चूक आहे. तो सोडावयाचा तो पावसाच्या आरंभी, आणि उरलेल्या ऋतूंतील गवत माणसानेच फुलण्यापूर्वी उपटावयाचे.

शेवटी बरगीच्या धरणाकडे वळणे भाग आहे. १९७० च्या दशकात काम सुरू होऊन १९९० साली पूर्ण झालेल्या या धरणाने नर्मदेचे मोठे खोरे पाण्याखाली नेले. जबलपूर, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांतील दीडशेहून अधिक गावांना त्याची झळ पोहोचली आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्या माणसांच्या दुःखापुढे भुंगेऱ्यांची कथा क्षुल्लक वाटेल, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु ज्या जमिनीत ते जीव सुप्तावस्थेत पावसाची वाट पाहत होते ती जमीनही त्याच पाण्याखाली गेली, आणि बुडण्यापूर्वी त्यांची पुरती मोजदाद झाली नाही. आज जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात ओसरते तेव्हा उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. पूर्वी ज्या दिवसांत सर्वत्र शुष्कता असे, त्या दिवसांत तेथे ओल असते आणि हिरवे पीक असते. नर्मदेच्या खोऱ्यात कालव्यांच्या आणि विहिरींच्या पाण्यावर उन्हाळी मूगही घेतला जाऊ लागला आहे. वैशाखातील जी शांतता भुंगेऱ्यांच्या वेळापत्रकाचा पाया होती, तीच अशा ठिकाणी नाहीशी झाली आहे. याचा लाभ कोणत्या जातींना होईल आणि हानी कोणत्या जातींची होईल, हे तर्काने सांगता येणार नाही. ते मोजावे लागेल.

हे काम केवळ मोठ्या संस्थांचे आहे असे मानण्याचे कारण नाही. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे एक विभागीय केंद्र जबलपुरात आहे, कृषी विद्यापीठ आहे, उष्णप्रदेशीय वनसंशोधन संस्था आहे. जातींची ओळख पटविण्याचे काम तेथील तज्ज्ञांनीच करावयाचे आहे. परंतु पहिला पाऊस कोणत्या तारखेला झाला, त्यानंतर किती दिवसांनी दिव्याभोवती भुंगेरे आले, कडुनिंबाची पाने कधी कुरतडली गेली, शेणाचा पो किती दिवसांत नाहीसा झाला, या नोंदी गावातील शाळेला सहज ठेवता येतील. त्यासाठी लागते ती एक वही आणि दरवर्षी न चुकता ती उघडण्याची शिस्त. दहा वर्षांनी अशा वह्या शास्त्रज्ञाला मोलाच्या ठरतील आणि शेतकऱ्याला त्याहूनही अधिक.

बरगीच्या भेगाळलेल्या जमिनीखाली भुंगेरे आपली वेळ ओळखून थांबलेले असतात. त्यांच्याशी झगडावयाचे असो, त्यांची मदत घ्यावयाची असो वा त्यांचे रक्षण करावयाचे असो, माणसालाही आधी ती वेळ ओळखावी लागेल.